गुलाबदादाची जागल

सुमेधा, राहुल,

गेल्या महिन्यात सुमेधाने फोनवर मला एक प्रश्न विचारला होता. तुमच्या गल्लीत फौजेतून परतलेला एक तरुण राहायला आला आहे, संध्याकाळी दाराच्या पायरीवर एकटाच बसलेला असतो, येणारे-जाणारे त्याला ‘थँक यू’ म्हणतात आणि पुढे जातात. "आजी, त्याच्याशी काय बोलायचं गं?" मी "नंतर सांगते" म्हटलं आणि तुमच्याकडच्या थंडीची चौकशी सुरू केली. तुला वाटलं असेल, आजीला नीट ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. तुमच्या आईलासुद्धा मी माझ्या मोठ्या भावाबद्दल एवढंच सांगितलं आहे की तो फौजेत होता आणि लवकर गेला. ते खरं आहे, पण फार थोडं आहे. ज्यांनी त्याला पाहिलं, त्यांच्यापैकी आता मी आणि माझी एक मावसबहीण अशा दोघीच उरलो आहोत, आणि तिला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. तेव्हा लिहून ठेवायचं तर आताच. मी आयुष्यभर आदिलाबादला शाळेत इंग्रजी शिकवलं, इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण ही माणसं माझ्या कानात एकाच बोलीत बोलतात. आईला वाचून दाखवायला सांगा.

आमची वस्ती बाजारहत्नूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी होती. एका बाजूला नाला, नाल्यापलीकडे वावरं, वावरांपलीकडे सागाचं रान. बाबा शाळामास्तर होते, वस्तीतले पहिले. आजोबा दुसऱ्यांच्या वावरात राबलेले, आणि त्यांच्या मुलाला लोक ‘गुरुजी’ म्हणायचे, ही गोष्ट बाबा कधी विसरले नाहीत आणि आम्हालाही विसरू देत नसत. कपडे धुतलेले हवेत, चप्पल ओळीत हवी, पाढे पाठ हवेत. संध्याकाळी विहारात त्रिशरण झालं की घरी येऊन कंदिलाची काच पुसायची, ते माझं काम. आई तोवर चुलीपाशी बसलेली असे. ज्वारीची भाकर थापतानाचा तो एका लयीतला आवाज, तव्यावर लसणाची फोडणी, अंबाडीच्या भाजीचा आंबट वास, आणि शेजारच्या घरून येणारा लक्ष्मणबुवांचा खोकला. लक्ष्मणबुवा आमचे कोणी नव्हते, पण भिंतीला भिंत लागून असल्यामुळे सगळंच होते. बोलायला लागले की थांबत नसत. आईला ते वहिनी म्हणत आणि रोज संध्याकाळी दारात उभे राहून विचारत, "वहिनी, आज काय केलं? मी खायले नाई आलो, वास घ्यायले आलो." आई न बोलता अर्धी भाकर त्यांच्या हातावर ठेवायची.

गुलाबदादा फौजेत गेला तेव्हा मी लहान होते. त्याच्याबद्दल मला आठवतं ते त्याच्या रजेतलं: तो आला की घर लहान वाटायचं, तो मला खांद्यावर घेऊन नाला ओलांडायचा, आणि त्याच्या पेटीतून साबणाचा वास यायचा. मग लढाई झाली. रेडिओ फक्त पाटलाकडे होता. बाबा रोज तिकडे जाऊन बाहेर उभे राहून ऐकत आणि घरी येऊन काहीच सांगत नसत. पुढे तो परत आला, कायमचाच. बर्फात त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली होती. चपलेत पाय टिकत नसे म्हणून तो जुना फौजी बूट घालायचा आणि पुढच्या रिकाम्या जागेत चिंधी कोंबायचा. त्याच्याबरोबर चौकीवर असलेले काही जण परतले नाहीत, एवढं आम्हाला कळलं, तेही त्याच्याकडून नाही.

वस्तीने त्याचं जे केलं ते मनापासून केलं, हे मी आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना नावं ठेवाल. बोथ गावाला बस थांबायची, तिथून त्याला बैलगाडीत बसवून, डफडं वाजवत आणलं. घरोघरून वाट्या यायला लागल्या: एकीकडून तुरीच्या सोल्यांची भाजी, एकीकडून जवसाची चटणी, रविवारी कोणाकडून तरी मटणाचा रस्सा. बाबांनी शाळेतून खुर्ची आणली. विहारासमोर संध्याकाळी माणसं खाली पोत्यावर बसत आणि दादाला खुर्चीवर बसवत. तो उठून खाली बसायला लागला की दहा हात त्याला पुन्हा वर बसवत.

"अरे बस ना बापू. तू देशासाठी उभा राह्यला, आता बस."

"काका, मले खालीच बरं वाटते."

"आमाले बरं नाई वाटत ना पण."

मग प्रश्न सुरू होत. दुश्मन डोळ्याने पाहिला का, बंदूक किती जड असते, तिकडे खायला काय देतात. दादा खायच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा. बाकीच्यांना नुसतं हसायचा. हळूहळू प्रश्न संपले, वाट्या कमी झाल्या, आणि तरी खुर्ची तशीच राहिली. माणसं आपसांत खाली बोलत आणि तो वर बसून त्यांच्या टोप्यांकडे बघत असे.

तो झोपत नव्हता. रात्री अंगणात फेऱ्या घालायचा. बुटाचा एक पाय जोरात आणि एक हलका, तो आवाज मला अजून ओळखता येईल. आईने उशाखाली कांदा ठेवून पाहिला, पायांना एरंडेल चोळलं, दुधात जायफळ दिलं. बाबा म्हणत, रिकामा माणूस सडतो, त्याला काम पाहिजे. कापूस वेचायला गेला तर बायका म्हणायच्या, "फौजीनं कापूस येचावा का, माय! सर तिकडं." वखर धरला तर कोणीतरी येऊन हातातून काढून घ्यायचं. आदराने माणसाला बाजूला काढता येतं, हे मला त्या वयात कळत नव्हतं. कोणालाच कळत नव्हतं.

आता तुम्हाला जागल सांगायला हवी. ज्वारी हुरड्याला आली की रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत अख्खं वावर लोळवून जायची. म्हणून प्रत्येकाच्या वावरात चार मेढींवर मचाण असे आणि घरातला एक पुरुष रात्री तिथे निजायला, म्हणजे जागायला, जाई. घोंगडी, काठी, रिकामा टिनाचा डबा आणि खाली शेकोटी. डबा वाजवायचा तो डुकरांसाठी. पण माणसांसाठी दुसरी रीत होती. एका मचाणावरचा हाक द्यायचा, "जागा हायेस का होऽऽ", पुढच्या मचाणावरून ‘ओऽऽ’ यायचा, मग तो त्याच्या पुढच्याला हाक द्यायचा, आणि अशी ती हाक नाल्यापासून रानाच्या कडेपर्यंत जाऊन परत यायची. आमचं घर नाल्याकडचं शेवटचं. अंथरुणात पडल्या पडल्या ती हाक ऐकत मी लहानाची मोठी झाले. कोणी हाकेला जोडून एखादी शिवी द्यायचा, कोणी सासूचं नाव घ्यायचा, मग अंधारात चारही बाजूंनी हसू यायचं.

त्या वर्षी लक्ष्मणबुवांना युक्ती सुचली. विहारासमोर सगळे बसले असताना ते म्हणाले, "गुरुजी, पोराले झोप येत नाई, आन् आमाले जागल होत नाई. दोन दुखण्याले एकच औषध हाय. सारी जागल गुलाबले द्या. फौजी हाय. त्याच्यापुढं डुकराची काय बिशाद!"

सगळे हसले. बाबांना ते पटलं, खरं तर अभिमान वाटला. वस्तीने आपली सगळी वावरं त्यांच्या मुलाच्या भरवशावर सोडली होती. दादालाही आवडलं असावं. तो पहिल्यांदा खुर्चीवरून उठला आणि कोणी त्याला परत बसवलं नाही. फक्त आई घरी आल्यावर म्हणाली, "एकटाच?" बाबा म्हणाले, "अगं, तो कुठं कुठं एकटा राह्यला आहे, तुला ठाऊक नाही." आई म्हणाली, "म्हनूनच त."

मधल्या वावरातलं मचाण त्याला दिलं. बाकीची रिकामी झाली. पहिले काही दिवस फार चांगले गेले. डबा वेळच्या वेळी वाजायचा, डुकरं आली नाहीत, आणि वस्तीतली पुरुषमाणसं बऱ्याच वर्षांनी थंडीत घरात, गोधडीखाली, बायकामुलांजवळ निजली. सकाळी विहिरीवर बायका म्हणत, गुलाबचे उपकार हायेत. दिवस मावळायच्या आत मी त्याला भाकर घेऊन जायचे. शिडीला हात लावला की वरून आवाज यायचा, "थम! कौन आता है?" मी हसून म्हणायचे, "भाकर आता है." तोही हसायचा. काही दिवसांनी मी ‘भाकर’ म्हटलं तरी तो हसेना. पूर्ण वर येईपर्यंत माझ्याकडे बघत राही आणि मग म्हणे, "नाव सांगत जा, इंदू. नुसतं हसत नको येत जाऊ." दिवसाही तो घरी कमी यायला लागला. डोळे आत गेले, दाढी वाढली. रानाच्या बाजूच्या मचाणाकडे बोट करून त्याने मला एकदा विचारलं, "तिकडं कोन हाय आज?" मी म्हटलं, "कोणीच नाही दादा, तूच आहेस ना सगळीकडे." त्याने मान हलवली.

तो रात्री हाक द्यायचा. जुन्या रीतीप्रमाणेच, "जागा हायेस का होऽऽ". ती हाक जायची आणि परत काही यायचं नाही. मग थोडं थांबून पुन्हा. आम्ही सगळे घराघरांतून ती ऐकत होतो. वस्तीला ती हाक म्हणजे ‘सगळं ठीक आहे’ असंच वाटायचं. गुलाब जागा आहे, आपण झोपावं. कूस बदलून माणसं झोपत. आज इथे चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून लिहिताना खाली कापसाचे ट्रक हॉर्न देत चालले आहेत, आणि एकाने दिला की दुसरा देतो. मी पेन खाली ठेवून ऐकत बसले होते.

ती सकाळ थंडीची होती. धुकं नाल्यावर बसलेलं. बायका पाण्याला निघाल्या होत्या, मी आईबरोबर घागर घेऊन होते, आणि लक्ष्मणबुवा शेकोटीशी तोंड धूत होते. वावरांकडून दादा येताना दिसला. तो वाकून चालत होता, दर पावलाला डावीकडे कलत होता, आणि त्याच्या पाठीवर एक माणूस होता. दोन हात दादाच्या खांद्यांवरून पुढे लोंबत होते. आईच्या हातातली घागर खाली आली. आम्ही धावलो. जवळ गेल्यावर दिसलं, ते लक्ष्मणबुवांच्या वावरातलं बुजगावणं होतं. त्यांचा जुना काळा कोट, आत कोंबलेला कडबा, डोक्याच्या जागी चुना लावलेलं मडकं. कोट दवाने भिजून जड झाला होता. दादाचा बूट पडला होता कुठेतरी. उघडा पाय रक्ताने आणि चिखलाने भरला होता.

तो धापा टाकत म्हणाला, "कोनीच ओ देत नोयतं. साऱ्या पोस्टवर जाऊन पाह्यलं. सारे गेले. हा एकच भेटला. हा हाय अजून. लवकर करा."

लक्ष्मणबुवा हसले. तुम्ही त्यांना दोष देऊ नका, ते भ्यायले होते आणि भ्यायले की हसायचे. "अरे बापू, हे त माह्या वावरातलं बुज..."

"लक्ष्मनभाऊ," आई म्हणाली, "पाय धरा."

ते तिच्याकडे बघतच राहिले.

"पाय धरा म्हन्ते ना. पोराच्या पाठीवर वजन होऊन राह्यलं."

लक्ष्मणबुवांनी आपल्याच कोटाखालचे कडब्याचे पाय धरले. आईने मडक्याखाली हात दिला. मी मधे काठी धरली. असं आम्ही ते घरापर्यंत नेलं, आणि दोन्हीकडे उभी असलेली माणसं सरकून वाट देत होती. बाबा दारात दात घासत उभे होते. ते बाजूला झाले. आईने बुजगावण्याला बाजेवर ठेवलं आणि वर स्वतःची गोधडी घातली. दादाने ती नीट घातली की नाही ते पाहिलं. मग बाजेच्या पायाशी, जमिनीवर, तो बसल्या बसल्या कलंडला आणि झोपला. बाबांनी त्याच्या पायाखालचा चिखल पुसला. धुतलेल्या पंचाने पुसला. एरवी त्यांनी तो पंचा कोणाला हात लावू दिला नसता.

दादा संध्याकाळी उठला. बाजेकडे पाहिलं, आणि त्याला कळलं. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने गोधडी काढून घडी केली, फौजेत करतात तशी, कडा जुळवून, आणि भिंतीकडे तोंड करून बसला. कित्येक दिवस तो घराबाहेर गेला नाही. जेवायचा, पण ताटात बघत नसे. डुकरांनी त्या दिवसांत दोन वावरं झोपवली, आणि कोणी ब्र काढला नाही.

एका संध्याकाळी लक्ष्मणबुवा काठी-घोंगडी घेऊन दारात आले. वास घ्यायला आलो म्हणाले नाहीत. उंबऱ्यावर बसून गुडघे चोळत म्हणाले, "गुलाब, आज जागल माही हाय. हे गुडघे शिडी चढत नाईत, आन् खरं सांगू का, मले एकट्याले भेव लागते. चाल सोबतीले."

दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "काका, मले येडा समजून राह्यले का?"

"समजत होतो," लक्ष्मणबुवा म्हणाले. "थंडीत एकट्या मानसाले साऱ्या गावाची राखन देनारे आमी. येडे कोन मंग?"

तो उठला. त्या रात्री सगळ्या मचाणांवर माणसं गेली, ज्याच्या त्याच्या. कोणी ठरवलं, कोणी सांगितलं, मला माहीत नाही. बाबासुद्धा मफलर गुंडाळून आमच्या, एरवी वाट्याने दिलेल्या, जमिनीच्या तुकड्यावर गेले, आणि ते आयुष्यात कधी जागलीला गेले नव्हते. मी आणि आई अंगणात उभ्या राहिलो. हाक निघाली, तिला ओ आला, मग पुढे, मग रानाच्या कडेला, आणि फिरून परत आली. शेवटी लक्ष्मणबुवांनी सासूचं नाव घेतलं. त्यांच्या मागोमाग आलेलं हसू दादाचं होतं. आई ते ऐकून आत गेली आणि चुलीजवळ बसून रडली.

इथे थांबता आलं असतं तर मी थांबले असते. ज्वारी निघाली. खळं झालं. मचाणं मोडून मेढी सरपणाला गेल्या. त्या थंडीत दादा बरा होता. झोपायचा थोडा, मला गणितं शिकवायचा, आईला भाकरी थापू लागायचा आणि तिच्या शिव्या खायचा. आम्हाला वाटलं, झालं. जागल संपली, आणि तिच्याबरोबर आम्ही त्याच्याजवळ बसणंही संपवलं. ते कोणी ठरवून केलं नाही. उन्हाळ्यात माणसं आपापल्या कामाला लागतात, लग्नं असतात, तेंदूपत्ता तोडायला रानात जायचं असतं. लक्ष्मणबुवा लेकीकडे गेले. भर दुपारी, वस्ती सावलीला पडलेली असताना, दादा घरातून निघाला आणि संध्याकाळपर्यंत परतला नाही. तो नाल्याकडच्या विहिरीत सापडला. तिला कठडा नव्हता. त्या पायावर त्याचा तोल जात असे, हे खरं. तो बरेच दिवस गप्प होता, हेही खरं. घसरला की काय, ते कोणी पाहिलं नाही, आणि इतक्या वर्षांत मी ते ठरवलेलं नाही. तुम्हीही ठरवू नका.

लक्ष्मणबुवा तिसऱ्या दिवशी परत आले. आमच्या दारात बसले आणि आईला एवढंच म्हणाले, "वहिनी, आमी त्याले हंगामापुरतंच पाह्यलं."

तिथे आता ज्वारी कोणी घेत नाही. सगळा कापूस आणि सोयाबीन, वावरांना तारेचं कुंपण, आणि जागलीला जाणारं कोणी राहिलं नाही. विहीर बुजवली. आमच्या घराच्या जागी दुसऱ्यांचं सिमेंटचं घर आहे. पण वस्तीतली मुलं अजून फौजेत जातात, आणि परत येतात. मागच्या महिन्यात मी बाजारहत्नूरला लग्नाला गेले होते, तशीच वस्तीवरही जाऊन आले. असाच एक परतलेला मुलगा ओट्यावर बसला होता, आणि त्याच्याजवळ, त्याच ओट्यावर, आणखी तिघं बसले होते. एक जण तुरीच्या शेंगा सोलत होता, एक मोबाइल बघत होता, तिसरा नुसता बसला होता. मी विचारलं, काही कार्यक्रम आहे का. त्या मुलाची आई म्हणाली, "नाई बाई. कोनी ना कोनी येते रोज. बारा महिने." ही रीत दादा गेल्यावर पडली, पण त्यांच्यापैकी कोणाला गुलाबदादाचं नाव माहीत नव्हतं. बसायचं असतं, एवढंच माहीत होतं. तेवढं अजून आहे.